मतवाले नाना

नाना कुणाला रामराम घालत नसत. समोरचा माणूस ओळखीचा असो की बिनओळखीचा, लांबूनच हात वर करून ते ओरडत, "काय, मत काय तुझं?" कशाबद्दल, ते जवळ आल्यावर ठरायचं. कधी चहाबद्दल, कधी नव्या एस.टी. कंडक्टरबद्दल, कधी समोरून चाललेल्या बैलाच्या चालीबद्दल. समोरच्यानं "बरं हाय" म्हटलं की नाना कपाळाला हात लावत. "बरं हाय हे मत न्हाई. ही जांभई हाय. मत सांग, मत!"

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते दलाली करायचे. आमचं गाव तिथून कोस-दीड कोसावर. डोक्याला गुलाबी फेटा, खांद्यावर भला मोठा रुमाल, आणि आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला नाना बोलले तर दुसऱ्या टोकाची जनावरं कान टवकारत. गावात सगळे त्यांना मतवाले नाना म्हणायचे. त्यांना ते नाव आवडायचं. आपल्यामागे कुणी काही म्हणत असेल तर ते आपल्याला ऐकू आलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रहच होता.

गंमत अशी की नानांची स्वतःची मतं बहुतेक वेळा साफ चुकीची निघत. ट्रान्झिस्टर दोन वर्षांत बंद पडणार, असं त्यांनी पैजेवर सांगितलं होतं. त्यांनी ठणठणीत म्हणून सांगितलेला आमच्या शेजाऱ्यांचा बैल आठवड्यात लंगडायला लागला होता. पण मत चुकलं तर नाना चारचौघांत कबूल करत, तेही तेवढ्याच मोठ्यानं. "चुकलो! शंभर टक्के चुकलो! पर बोललो का न्हाई? न बोलता चुकलो असतो तर कुनाला कळलं असतं?"

या सवयीनं त्यांनी एकदा एक ठरत आलेलं लग्न मोडलं. आमच्या आळीत मुलगी बघायचा कार्यक्रम होता. मध्यस्थ नानाच. पाहुण्यांना मुलगी पसंत, मुलीच्या बापाला स्थळ पसंत, देणंघेणं ठरलेलं. मुलगी पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. नानांना राहवलं नाही. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझं मत काय?" असं तिला आजवर कुणी विचारलंच नसावं. ती ताटाकडे बघत म्हणाली, "मला न्हाई पसंत." पाहुणे पोहे न खाता उठले. मुलीच्या बापानं नानांना वर्षभर उंबऱ्याला पाय लावू दिला नाही. पुढे त्या मुलीचं लग्न राहुरीकडे झालं, चांगलं झालं, आणि तिला पहिला मुलगा झाला तेव्हा तिनं पेढे पाठवले ते आधी नानांच्या घरी, मग बापाच्या.

आमची आणि नानांची गाठ पडली ती मोरीवर. मी नगरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी आलो होतो. वडील शाळामास्तर. नोकरी लागेपर्यंत काय करायचं, म्हणून आम्ही चार-पाच जण गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसायचो. दत्तू हा आमच्यातला सगळ्यात दांडगा, विहिरी खोदायच्या कामावर जायचा. शब्बीर शिलाईचं मशीन चालवायचा. पत्ते, ट्रान्झिस्टरवरची गाणी आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल, एवढाच आमचा दिनक्रम. राजकारण निघालं की आमचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आपल्याला काय करायचंय?" कुणीही आलं तरी तेच, कुणीही गेलं तरी तेच. असं म्हणण्यात आम्हाला आपण फार शहाणे आहोत असंही वाटायचं.

त्या वर्षी विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हा एकविसाव्या वर्षी मत मिळायचं, आणि आमच्यापैकी बहुतेकांचं ते पहिलंच मतदान होतं. पण शाळा-कचेऱ्यांना सुट्टी आणि नगरला नवा सिनेमा. आम्ही सकाळच्या एस.टी.नं नगर गाठलं, सिनेमा पाहिला, भेळ खाल्ली आणि दिवेलागणीला परत आलो. मत द्यायचं राहिलं, याची चुटपूटसुद्धा कुणाला लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीवर बसलो होतो. लांबून नाना येताना दिसले. फेटा नाही, सदरा नाही, नुसतं धोतर आणि हातात पाण्यानं भरलेली कळशी. आमच्यासमोर येऊन उभे राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. कळशी उचलली आणि भर रस्त्यात डोक्यावर ओतून घेतली. आम्ही दचकून कठड्यावरून खाली उतरलो.

"नाना, काय झालं? कोन गेलं?"

"तुमी गेलात," तोंडावरचं पाणी निपटत नाना म्हणाले. "काल दिसभर शाळंपाशी हुबा राहून वाट बघितली. म्हातारी आली, पांगळी आली. ह्या मोरीवरचा एक न्हाई. मी म्हनलं, एवढी तरनी पोरं, जित्ती असती तर आली असती की! तवा गेलीच म्हनायची. तुमच्या नावानं आंघोळ केली. सुतक फिटलं."

कळशी काखेत धरून ते वळले आणि ओल्या धोतरानं चपचप करत गावात निघून गेले. आम्ही आधी खूप हसलो. मग शब्बीर म्हणाला, "माझ्या अम्मीला कळलं तर ती रडेल रे." त्यानंतर पत्ते काही रंगले नाहीत.

पुढे पाऊस आलाच नाही. बहात्तरचा तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. घोडेगावच्या बाजारात जनावरं नुसती दाटली. विकणारे हजार, घेणारा एखादाच, आणि तोही कशासाठी घेतोय ते सगळ्यांना ठाऊक. बाजारात सौदा करायची जुनी रीत अशी, की दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून किंमत सांगतात. वरून कुणालाच काही दिसत नाही. नाना त्यात पटाईत. पण त्या वर्षी एके दिवशी ते बाजारातून लवकर परतले, रुमाल घडी करून खुंटीला टांगला आणि बायकोला, म्हणजे नानीला, म्हणाले, "आता हात रुमालाखाली जाईना." पाऊस पडेपर्यंत ते बाजारात गेले नाहीत. घर नानीच्या शेळ्यांवर आणि खडी फोडण्याच्या कामावर चाललं. आणि बाजारात खर्च व्हायचा तो नानांचा सगळा आवाज आता गावाच्या वाट्याला आला.

गावात टँकर यायचा तो वरच्या आळीच्या आडात रिकामा व्हायचा. वरच्या आळीत अप्पांचं घर. अप्पा आमचे सरपंच, किती वर्षांपासून ते कुणाला आठवत नव्हतं. माणूस वाईट मुळीच नव्हता. हळू बोलायचे, कुणाच्या लग्नाला-मयताला चुकायचे नाहीत. पण त्यांच्या घरापासून पाणी जवळ होतं, त्यामुळे खालच्या आळीच्या बायका घागरी घेऊन किती चढतात, ते त्यांना दिसत नव्हतं. एके दिवशी आडावर रेटारेटी झाली आणि दत्तूची आई पडली. मनगट सुजलं, घागर चेमटली. वर कुणीतरी म्हणालं, "तुमच्या आळीला टँकर पायजे तर तुमीच आना की."

दत्तू मोरीवर येऊन तासभर शिव्या देत होता. नाना आले आणि कठड्यावर त्याच्या शेजारी बसले.

"झाल्या का देऊन?"

"न्हाई."

"दे. सगळ्या दे. मोरीवर बसून शिव्या दिल्यानं टँकर वळला तर मलाबी सांग, मीबी येऊन देत जाईन."

"मग काय करू, नाना? आपल्याला कोन इचारतंय?"

"तू कवा सांगितलंस इचारल्यावर? मत द्यायच्या दिवशी तू सिनेमाला गेल्तास."

त्यानंतर त्या दिवशी "आपल्याला काय करायचंय" हे वाक्य मोरीवर कुणी उच्चारलं नाही, हे माझ्या चांगलं लक्षात आहे.

थोड्याच दिवसांत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्याकडे निवडणूक व्हायचीच नाही. मारुतीच्या देवळात वडीलधारे बसायचे, नावं ठरायची, आणि पंचायत बिनविरोध. त्याचा गावाला मोठा अभिमान होता. त्या वेळीही सभा भरली. आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो होतो. अप्पा आपल्या हळू आवाजात म्हणाले, "दुष्काळाचे दिवस हायेत. भांडनतंटा नको. नावं ठरली हायेत, गाव एक हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात नाना उठले.

"अप्पा, एक इचारतो. दात बघितल्याबिगर बैल घेतलाय का कवा कुनी?"

अप्पा हसले. "म्हंजी मी बैल व्हय रं, नाना?"

"लई चांगला बैल हाईस! म्हनून तर म्हनतो, भ्यायचं कारन न्हाई, तोंड उघड!"

देऊळ हसून हसून हललं. अप्पाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले आम्हाला पायरीवरून दिसत होते. नाना आणि अप्पा लहानपणापासूनचे जोडीदार. एका शाळेत मार खाल्लेला, एका ओढ्यात पोहायला शिकलेले.

"नाना, सरळ सांग. तू कुनाचा?"

"तुझाच की. भर देवळात सांगतो, माझं मत तुलाच हाय. पर मत द्यायची पाळी तर येऊ दे! शिंगनापुरात घरास्नी दारं न्हाईत, म्हनून समद्यांला समदं दिसतंय. आपल्या पंचायतीला दार हाय, कुलूप हाय, आन् आत काय चालतंय ते कुनालाच ठावं न्हाई. इचारायला कुनी तरी पायजे का नको?" मग ते आमच्याकडे वळले. "हाय का रं मोरीवरचं कुनी?"

आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. दत्तूनं मात्र हात वर केला. का केला ते त्याला स्वतःलाही कळलं नसावं. आईचं मनगट अजून बांधलेलं होतं, एवढंच. सगळं देऊळ वळून त्याच्याकडे बघायला लागलं, आणि तो हात काही खाली घेईना.

घरी गेल्यावर मात्र त्याचं अवसान गळालं. दुसऱ्या दिवशी दत्तू गायब. चौकशी केली तर कळलं, तो मावशीच्या गावी जाऊन बसला होता आणि उमेदवारीचा दिवस टळल्यावरच येणार होता. नानांनी शब्बीरची सायकल घेतली. मला मागे बसवलं. उन्हातान्हात, खडीच्या रस्त्यानं, आम्ही त्या गावी पोचलो. दत्तू मावशीच्या परड्यात लाकडं फोडत होता. नानांना बघून त्यानं कुऱ्हाड टाकली.

"नाना, मला बोलता येत न्हाई. सभेत उभं राहिलं की माझे पाय कापत्यात. आन् अप्पासमोर? त्येंनी माझ्या बापाच्या मौतीला लाकडं दिली हुती."

नाना तिथंच लाकडांच्या ढिगावर बसले. पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"दिली ना? मग तो चांगलाच हाय. म्हनून तर मी त्यालाच मत देनार. तुला न्हाई देनार, आत्ताच सांगून ठेवतो. त्याला पंचायतीतलं कळतंय, तुला शिकायला वर्स लागंल. पर तू उभा न्हाई राहिलास तर अप्पाला तुझ्या आईची घागर कवाच दिसायची न्हाई. तो वाईट न्हाई रं, त्याला कुनी दाखवलीच न्हाई. तू दाखव. मग हार, जीत, काय बी हो."

"म्हंजी तुमी मला उभं करनार आन् मत त्यास्नी देनार?"

"व्हय!"

दत्तू इतका हसला की मावशी घरातून बाहेर आली. येताना दत्तू सायकल चालवत होता, मी पुढच्या दांडीवर आणि नाना मागे बसून साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सभेत उभं कसं राहायचं ते शिकवत होते.

नंतरचे दिवस कसे गेले ते कळलंच नाही. आमच्या वॉर्डात एका जागेसाठी सरळ लढत: अप्पांची शिडी आणि दत्तूचा कंदील. मोरी ओस पडली. आम्ही घरोघर जायचो. पहिल्या दिवशी दारात उभं राहून आम्हाला काही सुचेना. शब्बीरनं तर एका घरी नुसतं पाणी मागितलं आणि पिऊन परत आला. मग नानांनी तालीम घेतली. आम्ही उमेदवार, नाना मतदार. ते कधी बहिरे म्हातारे व्हायचे, कधी तापट जावई, कधी "माझा नवरा घरी न्हाई" म्हणून दार लावून घेणारी सून. आम्ही हसून लोळायचो, पण दुसऱ्या दिवशी खऱ्या दारात तोंड उघडायचं. गंमत म्हणजे हे नाना संध्याकाळी अप्पांच्या ओट्यावर जाऊन त्यांनाही सांगत, "पोरं खालच्या आळीत लई फिरत्यात. तूबी उतर जरा खाली." आणि अप्पा कधी नव्हे ते खरंच उतरले. पहिल्यांदाच त्यांनी तो चढ पायांनी मोजला. परत जाताना दोनदा थांबले.

घरातल्या तरुण सुना हा मोठा प्रश्न होता. माझी वहिनी बावीस वर्षांची, सातवी शिकलेली. तिनं मला विचारलं, "भावजी, आम्ही शिक्का कुठं मारला ते घरी विचारतील. तिथं कळतं का कुणाला?" मी पुस्तकी भाषेत गुप्त मतदान समजावून सांगितलं. तिला काही विश्वास वाटला नाही. नानांच्या कानावर गेलं तेव्हा ते नानीला घेऊन आमच्या अंगणात आले. आळीतल्या दहा-बारा बायका जमल्या. नानांनी खुंटीवरचा रुमाल आणला होता. तो पसरून त्याखाली त्यांनी आणि नानीनं हात धरले.

"आता हिनं माझं कंचं बोट दाबलं, सांगा."

कुणाला सांगता येईना.

"तुमी समोर बसलाय, तरी कळंना. मग त्या पडद्याआड तुमी काय केलं ते घरी बसलेल्याला कळंल व्हय? माझ्या बाजारात रुमालाखालचं देवालाबी ठावं नसतंय."

नानी तोंडाला पदर लावून म्हणाली, "मी तर बोटच दाबलं न्हाई. चिमटा काढला." अंगण हसण्यानं भरून गेलं. मतदानाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी वहिनीनं स्वयंपाक उरकला होता.

आणि तो दिवस! शाळेपुढे अशी रांग गावानं कधी बघितली नव्हती. खडीच्या कामावरून लोक तसेच धुळीनं माखलेले आले होते. नव्या नवऱ्या आल्या, पहिलटकरणी आल्या, आणि मोरीवरचे आम्ही सगळे दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून रांगेत उभे. बोटाला शाई लागली तेव्हा शब्बीर ती वाळेपर्यंत हात वर धरून फिरत होता. नाना शाळेच्या हद्दीबाहेर उभे राहून ओरडत होते, "या, या! शिडीवाले या, कंदीलवाले या! कुनाला बी द्या पर द्या!" पोलिसानं त्यांना तीनदा गप्प केलं. चौथ्या वेळी तो कंटाळून सावलीत जाऊन बसला.

संध्याकाळी तिथेच मोजणी झाली. बाहेर सगळा गाव. खिडकीतून एक-एक बातमी यायची. शिडी पुढे. कंदील पुढे. पुन्हा शिडी. शेवटी आतला गलका एकदम थांबला, आणि निवडणूक अधिकारी दारात येऊन म्हणाले, "दोन्ही उमेदवारांना समान मतं पडली आहेत. चिठ्ठी काढावी लागेल."

गावाच्या तोंडून एकच हुंकार निघाला. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन चिठ्ठ्या सारख्या घडी करून तीत टाकल्या, सगळ्यांसमोर हलवल्या आणि डोळे मिटून एक उचलली. दत्तूचं नाव निघालं.

आम्ही काय केलं ते मला नीट आठवत नाही. कुणीतरी हलगी आणली. दत्तूच्या आईनं बांधलेला हात वर करून नाचायला सुरुवात केली. दत्तू धावत नानांकडे गेला आणि त्यांना खांद्यावर उचलून घेतलं.

"नाना, मला ठावं हुतं! तुमी मलाच दिलं!"

"न्हाई रं! मी अप्पालाच दिलं! खाली उतरव!"

ते जितकं मोठ्यानं सांगत, तितके लोक जास्त हसत. नाना कसेबसे खाली उतरले आणि गर्दीतून वाट काढत अप्पांकडे गेले. अप्पा उपरणं झटकून निघायच्या तयारीत होते. ते एवढंच म्हणाले, "नाना, भर देवळात शब्द दिलास. तेवढा तरी पाळायचा."

"अप्पा, आईशपथ..."

पण कुणी शपथ घेतली म्हणून पडद्याआडचं कसं सिद्ध होणार? नानांनीच साऱ्या गावाला शिकवलं होतं, ते देवालाही कळत नाही. अप्पा वरच्या आळीकडे चालू लागले. हलगी वाजत होती आणि नाना त्या गर्दीत फेटा हातात धरून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं, ते तेव्हाच.

टँकर आठवड्यातून निम्मे दिवस खालच्या आळीत यायला लागला. सरपंच दुसरे झाले, पण पाण्याचं काम दत्तूकडे आलं. त्याचे पाय सभेत बरेच दिवस कापत होते, तरी तो उभा राहायचा. अप्पा मात्र नानांशी बोलेनासे झाले. नानांची वाट आली की ते वाट बदलायचे. एवढी वर्षं ज्याच्याशी बोलल्याशिवाय दिवस मावळला नाही, त्या माणसाचं हे न बोलणं नानांना फार लागलं. आवाज तोच होता, पण संध्याकाळ झाली की ते ओट्यावर बसून वरच्या आळीकडे बघत राहायचे.

पाऊस आला, पुन्हा पेरण्या झाल्या, पण आडाला पाणी लागेपर्यंत टँकर चालूच होता, तेव्हाची ग्रामसभा मला आठवते. पूर्वी ग्रामसभेला शिपाई आणि पाच-सहा माणसं असायची. आता देवळात जागा पुरत नव्हती. दत्तू टँकरचा हिशोब सांगत होता. मागून एक हळू आवाज आला, "वरच्या आळीला गेल्या महिन्यात चार खेपा चुकल्या. का?" सगळ्यांनी मागे वळून बघितलं. अप्पा उभे होते. सरपंच असताना त्यांना कुणाला काही विचारायची वेळ आलीच नव्हती. दत्तू गडबडला, सावरला आणि म्हणाला, "चुकलं, अप्पा. पुढच्या महिन्यात भरून काढतो." नाना खांबाला टेकून बसले होते. त्यांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिलो. "बघ," ते माझ्या मांडीवर थाप मारून कुजबुजले, आणि त्यांची कुजबूज अर्ध्या देवळाला ऐकू गेली, "माझा जोडीदार काय इचारतोय बघ! ह्याला म्हनत्यात इचारनं!" अप्पांनी ऐकलं. वळून बघितलं नाही, पण त्या दिवशी ते वाट न बदलता नानांच्या घरासमोरूनच गेले.

पुढे नानांना दमा लागला. बोलताना धाप लागायची, आणि न बोलता राहणं त्यांना जमत नव्हतं. श्रीरामपूरची लेक त्यांना आणि नानीला न्यायला आली. एस.टी. स्टँडपर्यंत चालणं शक्य नव्हतं. दत्तू गाडीची सोय बघायला निघाला, तोवर नानांच्या दारात अप्पांची बैलगाडी येऊन उभी राहिली. कासरा अप्पांच्याच हातात होता. आम्ही नानांना गाडीत बसवलं, मी मागे सामान धरून बसलो.

अर्ध्या वाटेत अप्पा मागे न बघता म्हणाले, "तू मलाच दिल्तंस मत. मला ठावं हुतं."

नाना उठून बसले. "ठावं हुतं? कवापासनं?"

"त्याच दिवसापासनं. तू खोटं कवा बोललास?"

"मग एवढे दिवस बोलला का न्हाईस, गाढवा?"

अप्पांनी बैलांना उगाच हाकारलं. "हरलो हुतो की रं. कुनावर तरी चिडायला पायजे हुतं. तुझ्याशिवाय जवळचं कोन हाय मला?"

नाना हसायला लागले. हसता हसता धाप लागली, आणि धाप लागली तरी हसणं थांबेना. अप्पांनी गाडी थांबवली, मागे येऊन त्यांची पाठ चोळत बसले. एस.टी. चुकायची वेळ आली, पण मी काही बोललो नाही.

नाना गेल्याची बातमी वर्षभरानंतर आली. नेमकी ग्रामसभेच्या दिवशी सकाळी. शाळेची नवी खोली बांधायची की देवळापुढे सभामंडप, यावर त्या दिवशी ठरायचं होतं. गावातल्या चार लोकांनी म्हटलं, आज सभा नको, दुखवटा पाळू. दत्तूलाही तेच वाटत होतं. अप्पा काठी टेकत पुढे आले. डोळे सुजलेले होते.

"सभा बंद ठेवाल? नानाच्या नावानं? तो वरनं शिव्या देईल मला. बसा समदे."

मग जे भांडण झालं ते सांगता सोय नाही. शाळावाले एका बाजूला, मंडपवाले दुसऱ्या बाजूला. शब्बीर खांबावर चढून बोलत होता. नुकती एकवीस झालेली पोरं, आमच्यानंतर मोरीवर बसायला लागलेली, आत शिरून घसा फोडून ओरडत होती. अप्पा मंडपाच्या बाजूनं, दत्तू शाळेच्या बाजूनं, आणि दोघंही उभे. आणि त्या गलक्यात बायकांच्या बाजूनं माझी वहिनी उठली. डोक्यावरचा पदर सावरला, आणि सासऱ्यांच्या, दिराच्या, साऱ्या गावाच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाली, "मला बोलायचंय. कुणी मधे बोलू नका."

ती पुढे काय बोलली, त्यावर पुन्हा केवढा आरडाओरडा झाला आणि शाळेची खोली शेवटी कशी ठरली, ते गावात आजही लोक सांगतात. एवढा कल्लोळ त्या देवळात पूर्वी कधी झाला नव्हता. दिवस मावळला तरी कुणी घरी जायला तयार नव्हतं. आम्ही नानांना निरोप दिला तो असा.